चंबूतली कॉफी

आमच्या घरी कॉफी दिसायची नाही, ऐकू यायची.

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. पुढे सोपा, मग माजघर आणि त्यामागे भर दुपारीही दिवा लावावा लागेल असं स्वयंपाकघर. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन सोप्यात टेकायचं. वडील आवाज चढवायचे नाहीत. मान जराशी मागे वळवून म्हणायचे, "अगं, कॉफी टाक." मग आतून ठरल्या क्रमानं एकेक आवाज यायचा. काडी ओढल्याचा. कल्हईचं पातेलं शेगडीवर टेकल्याचा. किसणीवर जायफळ दोन-तीनदा खरखरल्याचा. मग सांडशी, मग कपबश्या. सोप्यात तोवर राजापुरी हळद कितीला निघाली, सेलमला उठाव आहे की नाही, हे चाललेलं असायचं. कॉफी यायची, आईचे हात दिसायचे, आणि पाहुण्यानं "वा वहिनी!" म्हणेपर्यंत वहिनी पुन्हा माजघरात गेलेल्या असायच्या.

चहा कुणालाही मिळायचा. दारावर आलेल्या पोस्टमनला, छप्पर शाकारायला आलेल्या गड्याला, मला. कॉफीचं तसं नव्हतं. डॉक्टर, व्याही, पुण्या-मुंबईकडचे पाहुणे, एकादशी धरलेली आत्या, रात्रीचं भजन उरकून निघालेली मंडळी, यांच्यासाठी कॉफी. "कॉफी टाक" या दोन शब्दांत आलेला माणूस केवढा आहे हा निरोपही आत जायचा. मी सोप्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि कॉफी कशी होते हे बघायला आत जावं असं मला एकदाही वाटलं नाही. पुढे एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पाणी किती अंशांना उकळतं हे हजारो पोरांना सांगितलं. पण घरात आधण ठेवायला उठलो असेन तर ते आई आणि बायको दोघी गावाला गेल्यावरच.

निवृत्त झालो त्या महिन्यात पुण्याहून लेक आली आणि तिनं एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. आत भुश्शात बसवल्यासारखी दोन काचेची भांडी, एक लोखंडी उभा दांडा, स्पिरिटचा दिवा, कापडाची चकती आणि एक बारीक मण्यांची साखळी. मला वाटलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कुणी तरी निरोपाची भेट पाठवली. "बाबा, कॉफी करायचं आहे ते," लेक म्हणाली. "सायफन म्हणतात. व्हॅक्यूम पॉट."

खालचं भांडं म्हणजे सरळसरळ आपला गोल चंबू. वरचं पात्र उभट, खालून त्याला लांब काचेची नळी, नळीच्या मुळाशी रबरी बूच. चंबूत पाणी घालायचं, वरच्या पात्राच्या तळाशी कापडाची चकती बसवायची, तिची साखळी नळीतून खाली लोंबत ठेवायची, बूच घट्ट दाबायचं, खाली दिवा लावायचा. बायकोनं सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "अहो, हे माझ्या ओट्यावर नको. तुमची प्रयोगशाळा बाहेर मांडा." म्हणून ते सोप्यात आलं. वडील बसायचे त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. यात माझा काही विचार नव्हता, ओट्यावर जागा नव्हती एवढंच कारण.

पहिल्या दिवशी आईला शेजारी खुर्ची दिली. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. दिवा लावला. बराच वेळ काही होईना. मग साखळीच्या टोकापासून बारीक बुडबुड्यांची माळ सुटली, आणि एकदम पाणी नळीतून वर चढायला लागलं. उकळून उतू गेल्यासारखं नाही. गप, सरळ, जिना चढल्यासारखं. आई पुढे वाकली. "अरे, वर का जातंय ते?"

एकतीस वर्षांत इतका चांगला प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कुणी विचारला नव्हता.

मी सुरू झालो. चंबू बुचानं बंद. पाण्यावर थोडी हवा कोंडलेली. खालून आच लागली की ती हवा फुगते, तिच्यात वाफ मिसळते, दोघींचा दाब पाण्याच्या अंगावर पडतो. पाण्याला सुटायला एकच वाट, ती नळी. तिचं तोंड तळाशी बुडलेलं. म्हणून पाणी नळीतून वर. त्याला जोरही फार लागत नाही. बाहेरची हवा साधारण दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब पेलते. इथे चढायचं आहे एक वीतभर, म्हणजे बाहेरच्यापेक्षा दीड-दोन टक्के दाब जास्त झाला की पुरे. त्यामुळे पाणी नीट उकळायच्या आतच चढायला बघतं आणि नवख्या माणसाची कॉफी कोमट पाण्यात भिजते. जाणते लोक वरचं पात्र आधी नुसतंच तिरकं टेकवून ठेवतात आणि पाण्याला चांगला कढ आला की मग बूच दाबतात. हे मला चौथ्या दिवशी कळलं. आणि ती साखळी शोभेची नाही. गुळगुळीत काचेत पाणी कधी कधी उकळायचं विसरतं आणि मग एकदम उसळी मारतं. साखळीच्या खडबडीत मण्यांवर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते. प्रयोगशाळेत आम्ही यासाठी चंबूत चिनीमातीचे तुकडे टाकायचो.

"बरं," आई म्हणाली. "आणि आता?"

आता दळलेली कॉफी वरच्या पाण्यात घातली, लाकडी चमच्यानं ढवळली. नळी तळाला टेकत नाही, म्हणून खाली थोडं पाणी राहतंच. त्याची वाफ नळीतून वर येत राहते आणि वरचं पाणी गरम ठेवते, पण उकळू देत नाही. नव्वदच्या आसपास राहतं ते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी उकळतंच मुळी अठ्ठ्याण्णव अंशांना. एक मिनिट थांबलो. दिवा काढला.

आणि मग काहीच नाही. वरचा काळा द्रव तसाच उभा. आईनं माझ्याकडे बघितलं. अर्ध्या मिनिटानं तो सगळाच्या सगळा खाली ओढला गेला, कापडातून सुर्रकन, आणि शेवटी चंबूत गुडगुड करत फेस आला. वर चोथ्याचा वारुळासारखा उंचवटा राहिला.

"ओढून घेतलं की चंबूनं!"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. पोकळी काही ओढत नाही, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो. आच काढली की वाफेचं पाणी होतं, तिची जागा रिकामी होते, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा, जी सगळा वेळ वर दाबूनच होती, ती कॉफीला खाली ढकलते. सतराव्या शतकात जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ओटो फॉन गेरिकेनं धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली आणि घोडे जुंपूनही ते सुटेनात, तेही याच हवेमुळे. मी घोड्यांपर्यंत आलो होतो तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे बेंबी बसवतात तसंच की रे."

मी थांबलो. लहानपणी पोटात कळ आली की आजी आडवं निजवायची, बेंबीवर कणकेच्या गोळीत पेटती वात ठेवायची आणि वरून तांब्या पालथा घालायची. वात विझायची, आतली हवा निवायची, आणि पोटाची कातडी तांब्यात फुगून यायची. तुंबडी लावणारेही हेच करायचे. बेंबी खरंच सरकते का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर डॉक्टरांना विचारावं. पण तांब्यात पोट का शिरतं, याचं उत्तर आणि कॉफी का उतरते, याचं उत्तर एकच आहे. मी वर्गात मॅग्डेबर्गचे घोडे इतकी वर्षं पळवले. घरातला तांब्या मला एकदाही आठवला नाही.

या उपकरणाची जन्मकथा नंतर वाचत गेलो तेव्हा आणखी गंमत वाटली. १८३० च्या दशकात बर्लिनकडे त्याचे पहिले नमुने दिसतात. पण त्याला ऐटदार रूप दिलं ते फ्रान्सनं. लियाँ शहरातल्या एका बाईनं, मादाम वास्यू या नावानं, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट घेतलं: एकावर एक दोन काचेचे फुगे, वर धातूचा नक्षीदार मुकुट, खाली तोटी. ही वस्तू स्वयंपाकघरासाठी नव्हतीच. दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, टेबलावर मांडायची. काच त्या काळची साधी, आच जरा जास्त झाली की फुटायची, तेव्हा पाहुण्यांना कॉफीबरोबर थोडं धाडसही चाखायला मिळत असणार. लुई गाबे नावाच्या फ्रेंच माणसानं १८४४ मध्ये यावर तोड काढली ती मला फार आवडते. त्यानं दोन भांडी तराजूसारखी शेजारी-शेजारी टांगली. पाणी एकातून दुसऱ्यात गेलं की हलकं झालेलं भांडं वर उचललं जायचं, त्याबरोबर उघडं धरलेलं झाकण सुटून दिव्यावर पडायचं आणि दिवा आपोआप विझायचा. दिवा विझला की कॉफी परत. माणसानं फक्त बघत बसायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हे भांडं सायलेक्स नावानं घरोघर नेलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या दोन बहिणींनी. (सेलम म्हटलं की सांगलीकराच्या डोळ्यांपुढे पोतं येतं, पण हे ते सेलम नव्हे. हळदीचं सेलम तमिळनाडूतलं.) तोवर काचही सुधारली होती. जर्मनीत ऑटो शॉटनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच तयार केली, १९१५ मध्ये पायरेक्स नावाची त्याच जातीची काच आली. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते, म्हणून तडकत नाही. पुढे विजेची यंत्रं आली आणि पश्चिमेकडे हे भांडं माळ्यावर गेलं. जपाननं मात्र ते सोडलं नाही. माझ्याकडचं आहे ते हारिओ कंपनीचं, आणि ही कंपनी १९२१ मध्ये टोकियोत सुरू झाली ती प्रयोगशाळेची काचेची उपकरणं करायला. म्हणजे खोकं उघडल्यावर मला कॉलेजची आठवण झाली ती काही अगदीच चूक नव्हती.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. बायको भाकरी थापत होती. "पेटंट बाईनं घेतलं?" तिनं विचारलं. हो म्हटलं. "आणि कॉफी कोण करायचं, त्या दिवाणखान्यात?" ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. "बघा," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "तुम्ही केलंत की प्रयोग. आम्ही केलं की स्वयंपाक."

याला उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं.

मला आईची कॉफी पहिल्यांदा नीट दिसली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. आयर्विन पुलाखाली कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. गावभागाला पूर नवा नाही, २००५ चाही आम्ही पाहिला होता, म्हणून चंबूगबाळं आवरून माडीवर जाऊन बसलो आणि वाटलं की दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. सोप्यात पाणी, माजघरात पाणी, वीज नाही, दूध नाही. माडीवरची एकच खोली. तिच्यातच गाद्या, कणकेचा डबा, कागदपत्रांची पिशवी, आणि कोपऱ्यात वातीचा स्टो. मधे भिंत नाही, पडदा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "दूध नाही, पण कॉफीची पूड आहे. चालेल का कुणाला?"

पाणी ठेवलं. त्यात गुळाचा खडा टाकला. पाण्याला कढ आल्यावर तिनं आधी स्टो बारीक केला, मग पातेलं उतरवून फरशीवर ठेवलं, आणि खळबळ थांबेपर्यंत वाट बघितली. मग पूड. वर झाकण. बोटांवर काही तरी मोजत बसली, ओठ हलत होते; स्तोत्र म्हणत होती की आकडे, माहीत नाही. मग फडक्यातून गाळली.

"उकळत नाहीस?" मी विचारलं.

"कॉफी कधी उकळतात का? कडू होते. पाणी उकळायचं, कॉफी भिजवायची."

पन्नासाहून जास्त वर्षं हे ती रोज करत होती, माझ्यापासून दोन भिंतींवर. आम्ही माडीच्या खिडकीशी बसून ती कोरी कॉफी प्यायलो. खाली गल्लीतून एक होडी गेली. थोरल्या काकांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "अशी कॉफी दहाव्यालासुद्धा देत नाहीत," आणि कप संपवला.

म्हणून लेकीनं आणलेल्या चंबूतून कॉफी उतरली आणि मी घोट घेतला तेव्हा पहिली ओळख पटली ती त्या माडीची. चवीत फार फरक होता. ही स्वच्छ, पातळ, जराशी आंबूस, मागे गूळ नसताना गुळासारखं काही तरी. पण पद्धत तीच होती: पाणी उकळू दे, कॉफीला उकळू देऊ नको, आच वेळेवर काढ.

कॉफीचे दाणे मी चिकमगळूरकडचे मागवतो. सातव्या-आठव्या इयत्तेतल्या गोष्टीसारखी ती कथा सगळ्यांना ठाऊक असते: सतराव्या शतकात बाबा बुडन हे सूफी संत येमेनहून सात बिया लपवून घेऊन आले आणि चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्या. सांगलीहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, मिरजेहून गाडीत बसलं की घटकाभरात कानडी ऐकू येतं, आणि तरी आमच्या घरात कॉफी यायची ती चिकोरी मिसळलेली पूड. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, तिच्यात कॉफीचा अंशही नसतो. कायद्यानं मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त, एक्कावन्न टक्के, कॉफी असली की पुरे. दूध, साखर आणि जायफळ घातलं की तिचं काही बिघडत नाही, उलट रंग दाट येतो. चंबूत ती चालत नाही. हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण त्या दिवशी घरात साताऱ्याचे पाहुणे होते.

लेकीनं मुलगा स्वतःच ठरवलेला. त्याचे आई-वडील आम्हाला पहिल्यांदा भेटायला यायचे होते. मी फोनवर कुणाला तरी "मुलगी बघायला येतायत" म्हणालो आणि लेकीनं आतून ओरडून दुरुस्त केलं, "बघायला नाही, भेटायला!" आणि मग अट घातली: पोह्यांचा ट्रे ती घेऊन येणार नाही. पोहे टेबलावर असतील, ज्याचे त्यानं घ्यावेत. आणि कॉफी बाबा करतील. सोप्यात. सगळ्यांसमोर.

पाहुणे कंदी पेढे घेऊन आले. गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी, बाई शाळेतून निवृत्त. पेढ्यांवर बोलणं झालं, रस्त्यावर झालं, अजिंक्यताऱ्यावर किती माणसं फिरायला येतात यावर झालं. मी स्टुलापाशी उभा राहिलो. दाणे आदल्या दिवशी लेकीच्या मैत्रिणींपायी संपले होते आणि ते मला त्या क्षणी डबा उघडल्यावर कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली फिल्टर कॉफीची पूड होती, रव्यापेक्षाही बारीक, चिकोरीवाली. काय फरक पडतो, म्हटलं.

पाणी चढलं. पाहुण्या बाई "अगं बाई!" म्हणाल्या, मला बरं वाटलं. पूड घातली, ढवळली, मिनिट मोजलं, दिवा काढला, आणि दोन पावलं मागे सरून हात बांधून उभा राहिलो, फळ्यावर गणित सुटल्यावर राहायचो तसा.

कॉफी उतरेना.

एक मिनिट गेलं. दोन. चिकोरीच्या चिकट पुडीनं कापडाचं छिद्र न् छिद्र बुजवलं होतं. थेंब थेंब खाली पडत होता, सलाइन लावल्यासारखा. बँकेतले गृहस्थ घड्याळाकडे न बघायची शिकस्त करत होते. लेक खाली मान घालून हसू दाबत होती. मुलगा म्हणाला, "काका, होईल," आणि तो मला त्या क्षणी पसंत पडला.

आई उठली. तिनं माजघराच्या दारावरचं फडकं घेतलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि सरळ चंबूच्या पोटाला गुंडाळायला गेली. "अगं तडकेल!" मी ओरडलो. "काही तडकत नाही. तूच सांगितलंस ना, निवलं की खाली येतं म्हणून?" फडकं काचेला लागलं, चर्र झालं, चंबूतली उरलीसुरली वाफ निवली, आणि वरची कॉफी कण्हत, गुरगुरत खाली उतरली. सगळी नाही, पण चार कप झाले. जपानी दुकानांतही कॉफी लवकर उतरवायला असंच ओल्या फडक्यानं चंबू पुसतात, हे मी त्यानंतर एका चित्रफितीत पाहिलं. आईनं चित्रफीत पाहिलेली नव्हती. तान्ह्या पोराचं दूध निववायला पेला गार पाण्यात ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला ते सुचलं असतं.

कॉफी भयंकर झाली होती. जळकट आणि दाट. साताऱ्याच्या बाईंनी घोट घेतला, कप बशीत ठेवला, आणि आईकडे वळून हळूच विचारलं, "आजी, थोडं दूध मिळेल का?" आईनं विचारलं, "जायफळ चालतं ना?" दोघी आत गेल्या. आतून आवाज यायला लागले.

लग्न झालं. आता चंबू रोज साडेचारला चालतो. वीस ग्रॅम दाणे, तीनशे मिली पाणी, दळण साखरेपेक्षा जरा बारीक, आणि हे हातानं फिरवायच्या छोट्या जात्यासारख्या यंत्रात, कारण मिक्सरमध्ये अर्धी पूड होते आणि अर्धे खडे राहतात. चंबूचं बूड दिव्यावर धरायच्या आधी बाहेरून कोरडं पुसून घेतो. थेंब राहिला तर तिथून तडा जाऊ शकतो. मी मोबाइलवर साठ सेकंद लावतो. आई खुर्चीत डोळे मिटून बसलेली असते, आणि मोबाइल वाजायच्या आधी दोन-तीन सेकंद म्हणते, "काढ." वासावरून. सुरुवातीला मी मोबाइलचं ऐकायचो.

नंतरचं काम मात्र कुठल्या इतिहासात लिहिलेलं नाही. चोथा झटकायचा, पात्र धुवायचं, आणि ती कापडाची चकती. ती साबणानं धुवायची नसते, वाळवायचीही नसते. नुसत्या पाण्यानं चोळून, पाण्याच्या डब्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची. वाळली की तिच्यात राहिलेलं कॉफीचं तेल खवट होतं. पहिल्या आठवड्यात मी ती मोरीत तशीच टाकून द्यायचो. बायकोनं एकदा दुधाच्या गाळण्याच्या फडक्यांबरोबर साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातली, आणि पुढची कॉफी कपडे धुण्याच्या सोड्यासारखी लागली. मी तोंड वाकडं केलं. "मग धुवा तुम्ही," ती म्हणाली. तेव्हापासून धुतो. पेटंट घेणाऱ्या मादामच्या दिवाणखान्यात ही चकती कोण धूत असेल, असा प्रश्न त्या मोरीपाशी उभं राहिल्यावर पडतो. सोप्यात बसून पडला नसता.

परवाचीच गोष्ट. कॉफी पिऊन झाली होती. बायको भिशीला गेलेली. मी आत नळाखाली चकती चोळत होतो. पुढचं दार वाजलं, कुणी तरी आलं. आवाजावरून वडलांच्या दुकानातले जुने हमाल, आता पंचाहत्तरीचे. आई त्यांना बसा म्हणाली, यंदा हळदीला भाव काय, पोरगा काय करतो, असं बोलणं सुरू झालं. मी नळ बारीक केला. आईच्या आवाजाची दिशा किंचित बदलली, मान मागे वळवल्यावर बदलते तशी.

"अरे, कॉफी टाक. दोन कप."

"थांब जरा," मी आतून ओरडलो. "चंबू तापलेला आहे. लगेच गार पाणी घालता येत नाही."

सोप्यात क्षणभर शांतता.

"मग पातेल्यात टाक की," आई म्हणाली.

मी चकती डब्यात टाकली आणि जायफळ कुठल्या डब्यात असतं ते शोधायला लागलो.